बिनकाट्याची बोर

बिनकाट्याची बोर असते का, म्हणून हसू नका. निजामाच्या राज्यात आमच्या शेजारच्या सोपानमामांनी थेट हैदराबादहून तिचं कलम आणलं होतं. मामींना दिसत नव्हतं, लेकरूबाळही नव्हतं. मी कुंपणावरून विचारलंच, "एवढी खटपट कशाला, मामा?"

म्हणाले, "माझ्या माघारी हिला चार बोरं तरी आपल्या हातानं तोडता यावीत."

झाडाला बोरं धरली आणि भुरी पडली. पांढरी होऊन सगळी गळाली. राख टाकली, तंबाखूचं पाणी मारलं, गुण नाही. वैतागून मामांनी झाड पार बुडातून छाटलं. पावसाळ्यात फुटवे आले, तसे मामींना हाताला धरून घेऊन गेले.

"लाव हात, लय जोमात हाय!"

मामींनी हात लावला आणि झटकन मागं घेतला. बोटाला रक्त आलं होतं. छाटताना कलम सगळं गेलं होतं, आणि ज्या रानबोरीवर ते बांधलेलं, तीच काट्यांनिशी फुटली होती.

मामा कसेबसे म्हणाले, "असू दे. मी देतो की तोडून."

"तुमी हाव तवर द्यालच," मामी म्हणाल्या. "माघारचं काय, ते बोला."