गयाबाईंची पैज

पेटी शिकायचं वेड मला चाळिशीत लागलं, बघा. नव्वदच्या आसपास मी भोकरदनला मास्तर होतो. शाळा सुटली की रोज एकच भजन घेऊन बसायचो, आणि दुसऱ्या ओळीला बोटं हमखास अडायची.

शेजारच्या गयाबाई पाय मोडून अंथरुणावर पडल्या. आमच्यात एकच भिंत. म्हातारीला त्रास नको म्हणून मी पेटी बंद केली. चौथ्या दिवशी त्यांच्या सुनेनं बोलावलं. आता बोलणी बसणार, असं समजून गेलो.

गयाबाई म्हणाल्या, "मास्तर, पेटी कामून बंद केली?"

"तुम्हाला आराम पडावा म्हणून."

"आराम करून करून जीव विटला. तुमची ती ओळ आज सुटती का न्हाई, याच्यावर माझी अन् सुनेची रोज पैज लागायची. दिवस बराबर जायचा."

मी विचारलं, "तुम्ही कोणाच्या बाजूनं?"

"तुमच्या. म्हणून तर रोज हरत व्हते."

त्या संध्याकाळी मी पेटी त्यांच्या भिंतीला लावून बसलो. ओळ अडलीच. पलीकडून सून हसली, आणि मागून गयाबाईंचा आवाज आला, "असू द्या मास्तर, उद्या पाहू."