शाडूत बसवलेली काच

माझं माहेर पेण. पेण म्हटलं की लोक लगेच विचारतात, म्हणजे गणपतीवाले का, तर व्हय, गणपतीवाले, पण कारखाना मालकाचा, आमचे नुसते हात. आई शाडू मळायची, बाप साच्यातून मूर्ती काढायचा, आणि मी सातवीत नापास झाले त्या वर्षापासून सोंडा बसवायला लागले. सोंड, हात, कान वेगळे निघतात, ते ओल्या शाडूनं सांधायचे, सांध्यात थोडा काथ्या घालायचा, वरून ओलं बोट फिरवायचं. सांधा दिसला तर मालक मूर्ती मोडायला लावी. माझा सांधा कधी दिसला नाय. काय सांगू तुम्हाला, शेजारच्या कारखान्यातली माणसं माझा सांधा शोधायला यायची आणि हात हलवत परत जायची. हा सांधा लक्षात ठेवा, पुढं ह्यानंच माझी फजिती केली.

लग्न होऊन कोलाडजवळ खांब गावाला आले. नवरा रोह्याला कंपनीत, शिफ्टवाला, स्वभावानं देवमाणूस, पण गाडीत बसला की उलटी. आणि सासऱ्यांची स्वतःची गाडी, भाड्यानं फिरवायची, सात सीटांची. त्यांची फार इच्छा की एक तरी पोरगा स्टिअरिंगला बसावा. थोरल्याला उलटी, आणि धाकटा, म्हणजे माझा दीर, विलासभावोजी, त्याला गाडी चालवायची नव्हती, त्याला पुढच्या सीटवर बसून खिडकीतून कोपर बाहेर काढायचं होतं. मग एक दिवस सासरे म्हणाले, सुनंदा, तू बस. भात कापून खाचरं मोकळी झाली होती, तिथं त्यांनी मला शिकवलं. पहिल्याच दिवशी मी बांध ओलांडून गाडी दुसऱ्याच्या खाचरात घातली. सासरे म्हणाले, काय हरकत नाय, रस्त्यावर बांध नसतात. तेव्हा आमचा हायवे रुंद करायला काढला नव्हता, म्हणून असं म्हणाले बिचारे.

ते गेले आणि गाडी मी चालवायला लागले. कोलाडचा बाजार, रोह्याचा दवाखाना, पेणची लग्नं. विलासभावोजीला ते खुपायचं, म्हणायचा, बाईमाणसानं गाडी हाकायची आणि घरच्या पुरुषानं बाजूला बसायचं, लोक काय म्हणतात वहिनी, विकून टाकू. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तुम्ही दोघं बघा, मला शिफ्टला उशीर होतोय. आता तुम्हीच सांगा, ती गाडी गेली असती तर मी पुन्हा चुलीपुढं. चूल वाईट नाय हो, पण चुलीला गिअर नसतात.

त्या वर्षी वाडीतल्या आठ घरांनी मला सांगितलं, आमचे गणपती पेणहून तूच आण. आमच्या घरचा धरून नऊ. आमच्याकडं आषाढातच आपापला पाट कारखान्यात नेऊन देतात, त्याच पाटावर मूर्ती होते, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी तोंडावर रुमाल टाकून घरी आणतात. वाडीतले सगळे शाडूचेच घेतात. शाडू म्हणजे कच्ची माती, पाणी लागलं की संपलं. विलासभावोजी सासूसमोर म्हणाला, नऊच्या नऊ कोरडे आणलेस तर गाडीचा विषय मी जन्मात काढणार नाय, पण एक जरी भिजला तर दसऱ्याच्या आत गाडी विकायची. सासू म्हणाली, मी साक्षीला हाय.

आणि चार दिवस राहिले असताना नागोठण्याच्या अलीकडं एका डंपरच्या चाकातून खडी उडाली आणि पुढच्या डाव्या दाराची काच फुटली. फुटली म्हणजे काय, खडीसाखर झाली नुसती. सीटवर खडीसाखर, माझ्या ओटीत खडीसाखर. तशीच गाडी घेऊन कोलाडला गॅरेजला गेले. गॅरेजवाला म्हणाला, ह्या जुन्या मॉडेलची काच आता येत नाय, मागवावी लागेल, सणानंतर बघू. मी म्हटलं, मग प्लास्टिकचा कागद लावू का. तो म्हणाला, लाव, वडखळपर्यंत टिकेल. घरी आले तर विलासभावोजी ओटीवर बसलेला. त्यानं त्या उघड्या दाराकडं बघितलं आणि नुसता पाय हलवायला लागला. त्या पायाचीच मला चीड आली.

दुसऱ्या दिवशी एसटी पकडून पेणला गेले. माहेरच्या गल्लीमागं भंगारवाला हाय. त्याच्याकडं आमच्यासारखीच एक गाडी पडलेली, एका अंगानं चेपलेली, पण डावी काच शाबूत. तो म्हणाला, मला वेळ नाय, काढून घेता येत असेल तर घ्या. माझी खरी शाळा तिथं झाली बघा. एकीकडून उघडायला शिकलं की दुसरीकडं बंद करता येतं. काच वरखाली करायचं हँडल स्क्रूवर नसतं, त्याच्या मागं घोड्याच्या नालेएवढी नव्हे, नालेसारखी एक बारकी क्लिप असते. मी अर्धा तास पिळत बसले. भंगारवाल्याला दया आली, म्हणाला, ताई, मागं फडकं घाला आणि बूट पुसतात तसं ओढा. ओढलं, टिंग करून क्लिप उडाली ती त्याच्या चहात पडली. मग आतलं कव्हर निघालं, त्यामागचा प्लास्टिकचा कागद निघाला, आणि दाराचं पोट दिसलं. आत काचेच्या खालच्या कडेला लोखंडी पन्हळ, त्या पन्हळीत रबराची पट्टी, पट्टीत काच बसवलेली, पन्हळ दोन बोल्टांवर. दहा नंबरचा पाना लागतो. काच तिरकी करून वर उचलली की बाळंतिणीच्या पोरासारखी अलगद हातात येते. फक्त ते रबर कुजून गेलं होतं, हात लावला तसा भुगा झाला.

गोधडीत गुंडाळून एसटीत घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, मावशी, पोर केवढं हाय, हाफ तिकीट लागेल. मी म्हटलं, पारदर्शक हाय, तुम्हाला दिसणार नाय.

घरी दुपारी अंगणात गाडी उभी केली आणि दार खोललं. दाराच्या पोटातून दोन तांबे भरून खडीसाखर निघाली. विलासभावोजी ओटीवरून बघतोय. म्हणाला, वहिनी, उरलेले स्क्रू डब्यात भरून ठेव, गाडी विकताना देऊ. सासू उठली, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, छत्री घेऊन आली, रिमझिम चालू होती, माझ्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिली आणि म्हणाली, गो सुनंदा, तू कर गो, तो काय म्हणतो ते मला ऐकायला येत नाय. कान तिचे चांगले होते.

काच आत सोडली, कडेच्या खाचेला साबणाचं पाणी लावलं, घसरली बरोबर. राहिला प्रश्न पन्हळीतल्या रबराचा. जुनं फाटलेलं, भंगारातलं भुगा झालेलं. आणि इथं, काय सांगू, माझे हात माझ्याशी खोटं बोलले. लहानपणापासून सोंडा बसवलेले हात. माहेराहून मूठभर शाडू मी दर वर्षी आणतेच, ती भिजवली, काथ्या कुटून घातला, पन्हळीत भरली, काच दाबली, वरून ओलं बोट फिरवलं. सांधा दिसेना. दोन दिवस कपडा टाकून वाळवलं, मग हँडल फिरवलं. काच वर, काच खाली. सासूनं नारळ फोडला. विलासभावोजीनं पाय हलवायचा थांबवला. त्या आनंदात काचेवर तांब्याभर पाणी ओतून बघायचं मला सुचलंच नाय, खरं सांगते, आरती ओवाळायची तेवढी राहिली होती.

आदल्या दिवशी सकाळी पेणला निघालो. घरचा गणपती घरच्या पुरुषानं मांडीवर घ्यायचा अशी आमची रीत, म्हणून विलासभावोजीला यावंच लागलं. मागं सीटा काढून पेंढा पसरलेला, त्यावर आठ मूर्ती, रुमाल बांधलेल्या. नववा आमचा, पुढं भावोजीच्या मांडीवर. परतीला वडखळ सोडलं आणि पाऊस आला. नुसता पाऊस नव्हे, आडवा, डावीकडून. काच बंद, आत सगळं कोरडं. मी गाणं म्हणायला लागले, मुद्दाम.

आता दाराच्या पोटात पाणी जातंच, काचेवरून ओघळून आत उतरतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं. सगळ्या गाड्यांचं असंच असतं. हे मला तेव्हा कुठं ठाऊक. माझी शाडू आत बसून ते पाणी पीत होती. गडब आलं, आणि विलासभावोजी म्हणाला, वहिनी, काच खाली कशाला घेतलीस. मी घेतली नव्हती. काच आपली सावकाश, शहाण्या माणसासारखी खाली चालली होती.

पाऊस आत आला. आणि काय सांगू तुम्हाला, ह्या माणसानं, ज्याला गाडी विकायची होती, ज्याचा एक गणपती भिजला की काम होणार होतं, त्यानं पाठ खिडकीकडं केली, देवावर ओणवा झाला आणि मागं हात नेऊन दोन्ही पंजांनी काच धरून वर ढकलली. नवा शर्ट. पाठीवरून पाणी. मला म्हणतो, गाडी परत फिरव, पेणला दुसरी गाडी बघू. मी म्हटलं, देव कारखान्यातून निघाला की मागं फिरत नाय भावोजी, तुम्हीच सांगता दर वर्षी. म्हणाला, काच कशानं बसवलीस. मी म्हटलं, शाडूनं. मग म्हणाला, वहिनी, तू डोक्यावर पडलीस काय.

मी म्हटलं, ज्या मातीवर तुम्ही ओणवे झालात ना, तीच माती. काच धरा.

गडबला रस्त्याकडेला एक सायकलवाला होता, पत्र्याची शेड पुढं काढलेली. गाडी शेडमध्ये घातली. त्याच्याकडून जुनी ट्यूब मागितली, कात्रीनं पट्टी कापली. फडकं मागं घातलं, क्लिप उडवली, कव्हर काढलं, पन्हळीतला चिखल बोटानं काढून टाकला, ट्यूबची पट्टी काचेच्या कडेवर दुमडली, साबण लावला, पन्हळीत ठोकली, बोल्ट आवळले. विलासभावोजी देव घेऊन बाजूला उभा, भिजलेला. शेवटी न विचारता पाना पुढं केला, आणि दहा नंबरचाच केला. सायकलवाला म्हणाला, बाई, ही काच आता गाडीपेक्षा जास्त जगेल.

खांबला पोचलो तेव्हा अख्खी वाडी उभी. रुमाल काढून एकेक मूर्ती बघितली. आठ कोरड्या. नववा आमचा, देव कोरडा, पण पाटावरच्या उंदराचा एक कान भिजून वितळला होता. विलासभावोजीला बोलायची गरजच नव्हती, सगळे त्या कानाकडं बघत होते. मी सासूकडं बघितलं. ती साक्षीदार. तिनं वाकून उंदीर नीट बघितला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, उंदीर वाहन हाय, देव नाय. आणि वाहनाचं काय ते सुनंदाकडं.

विलासभावोजी हसला. खरंच हसला, ओल्या शर्टात. संध्याकाळच्या आत मी नवा कान करून लावला. शाडूनंच. सांधा दिसला नाय.

आता मी पन्नाशी ओलांडली, गाडी तर माझ्याहून म्हातारी, दर वर्षी पासिंगला नेताना आधी तिच्यापुढं नारळ फोडते, पण काढते अजून. सासू गेली, छत्री हाय. गणपती अजून मीच आणते, आणि अजून घरचा देव विलासभावोजीच्याच मांडीवर. गंमत सांगू, गडब आलं की त्याचा एक पंजा आपोआप काचेवर जातो. ती ट्यूब तेव्हा बसली ती आजवर हलली नाय, एवढी घट्ट की हँडल फिरवायला मला दोन हात लागतात. पण मी त्याला सांगत नाय. राहू दे हात तिथं. देव त्याचे हात शाबूत ठेवो.