टेम्पो ड्रायव्हरला जामीन

टेम्पो थांबवून खाली उतरलेला माणूस पळून गेला, असं कागदावर लिहिलं कोणी, सांगा मला? मी पोलीस ठाण्यात विचारलं, कोर्टात विचारलं.

माझा दादा त्याच टेम्पोखाली गेला, तळवलीच्या वळणावर. मी पोचलो तेव्हा ड्रायव्हर पाण्याची बाटली घेऊन दादाजवळच बसला होता. तेवढ्यात गावातली पोरं बांबू घेऊन त्याच्या अंगावर धावत आली. मीच ओरडलो, "पळ! सरळ पोलीस ठाण्यात जा!" तो गेला आणि आत अडकला.

बेलापूरच्या कोर्टात जामिनाच्या दिवशी त्याच्या वकीलबाईंनी मला उभं केलं. मी हे सगळं सांगितलं.

जज म्हणाले, "तुम्ही मयताचे सख्खे भाऊ ना? आणि त्याला पळ म्हणालात?"

"मंग काय करू साहेब? एका दिवशी दोन मढी उचलायची होती?"

जामीन मंजूर झाला. पण जामीनदार हवा, तोही इथला, स्वतःचं घर असलेला. ड्रायव्हर साताऱ्याकडचा, भाड्याने राहणारा. त्याची बायको पोर कडेवर घेऊन ज्याला-त्याला विनवत होती आणि जो-तो मान फिरवत होता.

घणसोली गावातलं आमचं घर माझ्या नावावर आहे. मी घरपट्टीची पावती आणायला निघालो.

वकीलबाई म्हणाल्या, "अरे, घरी विचार तरी!"

"इचारलं तर आई नाय म्हनंल."

पावती बघून क्लार्कने विचारलं, "आरोपी तुझा कोण लागतो?"

"माझ्या दादाला शेवटचं पाणी यानं पाजलंय," मी म्हटलं आणि सही केली.