वाढदिवसाचं सूप

कोरियातल्या ग्वांगजू शहरात बसमध्ये मिरानच्या पुढच्या बाकावर दोन बायका बसल्या होत्या. तिथल्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीने दोघींच्याही मुलांची गाणी काढली होती.

"इनसूची आई, तुमच्या मुलाचं गाणं म्हणे कॅफेत लावतात?"

"लावतात. पण तुमच्या सोंगमिनचंही छान आहे की."

"छान कसलं, नुसता ढणढणाट. त्या कंपनीचं मला एकच गाणं आवडतं, तुमच्या इनसूचं. आईने वाढदिवसाला केलेल्या सूपवरचं. रोज भांडी घासताना लावते आणि जळफळते."

"जळफळता कशाला?"

"मी तीस वर्षं राबले, आणि आमच्या चिरंजिवांनी गाणं केलं मांजरावर. तेही सासूबाईंच्या."

"इनसूच्या वाढदिवसाला मी कारखान्यात असायचे. तो तुमच्याकडे असायचा, सूप तुम्ही करायचात."

"मी? एकदोनदा केलं असेल."

"सहा वर्षं."

"अहो, पण गाण्यात तर तो 'आई' म्हणतो."

"म्हणतो. कुणाला, ते विचारायचं धाडस मला अजून झालं नाही."

पुढे तीन थांबे गेले. त्यातल्या दुसऱ्यावर मिरानला उतरायचं होतं, पण ती बसूनच राहिली.