व्याहीभेटीचा हार

ज्याला जवळचंही दिसतं नि लांबचंही, त्या विठुरायाला आधी हात जोडा!

मंडळी, प्रश्न एकच. माणसाला जवळचं दिसावं की लांबचं? काय आजी? दोन्ही? मग डोक्यावर चढवलेला चष्मा आधी नाकावर घ्या!

तर ऐका! अंबाजोगाईचे विश्वंभरराव. एकुलती एक लेक मृण्मयी, तिचं लग्न ठरलं. व्याही रंगनाथराव राहायला नागपूरला! सगळी बोलणी फोनवर, व्हिडिओ कॉलवर. एरवीही दिवसभर फोन विश्वंभररावांच्या नाकाशीच. बायको म्हणायची, "अहो, लांबचं दिसत नाही तुम्हाला. चष्मा करा!"

"चष्मा कशाला? व्याह्यांच्या मिशीतला पांढरा केस मोजून दाखवतो!"

दिसायचाच हो! वीतभरावरून कुणाला दिसणार नाही?

सीमांतपूजनाचा दिवस. वऱ्हाड दारात! विश्वंभररावांच्या हातात हार, आणि समोर — धुकं! मे महिन्यात धुकं? गोंधळले बिचारे. फेटे दिसतात, तोंडं दिसेनात. एक फेटा पुढे आला. तुरा उंच, कोटाला सोनेरी बटणं. "या, व्याही!" — घातला हार, मारली कडकडून मिठी!

"साहेब, हळू! मी बँडमास्तर! क्लॅरिनेट मोडेल!"

हसू नका, मंडळी! मागे खरे व्याही हात पसरून उभे. चेहरा लालबुंद! "वीस वेळा बोललो फोनवर. आणि आमचा मान वाजंत्र्याला? चला रे, गाड्या वळवा!"

विश्वंभरराव आवाजाच्या दिशेनं चाचपडू लागले. कोण बोलतंय, कुठून बोलतंय, काही कळेना! तेवढ्यात मृण्मयी धावत आली. "काका, बाबांना लांबचं दिसत नाही हो!" तिनं बापाचा हात धरला नि रंगनाथरावांच्या खांद्यावर ठेवला. वीतभरावर मिशी आली. "हेच! हेच ते!" म्हणत विश्वंभरराव रडायलाच लागले. रंगनाथरावही विरघळले. मिटलं.

लग्न लागलं. पाठवणीची वेळ आली. गाडी सुटली, लेक मागच्या काचेतून हात हलवतेय. बापही हलवतोय हात — मंडपवाल्याच्या टेम्पोला! बायकोनं खांदे धरून वळवलं, तोवर गाडी वळणाआड.

"दिसली का हो?"

"दिसली," ते म्हणाले. खोटं बोलले.

फोन वाजला. लेकीचाच व्हिडिओ कॉल! वीतभरावर तिचा चेहरा, पापणीवरचा थेंबसुद्धा स्पष्ट. "बाबा, मी वळणापर्यंत बघत होते. तुम्ही दुसरीकडेच का बघत होतात?"

त्यांनी मान वर केली. रस्ता नुसता धूसर.

आता दोष कुणाचा? फोनचा म्हणावं, तर लेक त्यातच दिसली! डोळ्यांचा म्हणावं, तर त्यांना तसं वापरलं कुणी? खरं सांगतो, मंडळी, माझाही गोंधळ आहे.

एवढं मात्र कळतं. तिथं मागे खांबाशी तिघांच्या तोंडांवर निळा उजेड पडलाय. नाव घेत नाही! वर बघा. मी दिसतो का? नाही? मग उद्या डोळे तपासून घ्या. दिसतो? मग माझ्याकडे बघू नका — शेजारी लेक बसलीय ना, तिच्याकडे बघा. गाडी अजून वळलेली नाही!