रजिस्टरात टिक, रक्तात शून्य

...नाही, तर तुम्हीच मले सांगा, मी लसीचा तिसरा डोस घेतला का नाही घेतला? म्हणजे माझ्या बायकोले माहीत आहे, रजिस्टरले माहीत आहे, अन् दंड ज्याचा, त्यालेच माहीत नाही!

तुम्हाले सांगतो, पंधरा वर्षं झाली, गोंदियात लॅबमध्ये रक्त तपासून राहिलो. डॉक्टर पेशंटचं तोंड पाहते, आम्ही त्याच्या रक्ताची नळी पाहतो. तोंडावर हासू राहते हो, अन् नळीत कावीळ राहते, तीही कोणती, तर हिपॅटायटिस बी, लिव्हर खाणारी! नळी फुटली, सुई टोचली, की आली आपल्या अंगात. म्हणून तर आमच्या डॉक्टर मॅडमच्या मागे लागून लागून नियम मीच कराले लावला... तीन डोसचं कार्ड दाखवल्याशिवाय आत पाय टाकाचा नाही. दारावरचा बोर्ड मीच लिहिला. अक्षर माझंच आहे. झाडूवाल्या मुन्नाचा एक डोस राहिला होता, त्याले तीनदा दारातून वापस धाडलं. तो म्हणे, काका, फरशीच तर पुसाची आहे... म्हटलं, नियम म्हणजे नियम.

अन् काल सकाळी माझ्याच हातात नळी फुटली. हातमोजा फाटला, बोट कापलं, त्या नळीचा रिपोर्ट पाहतो तर पॉझिटिव्ह. तीच कावीळ! घरी पोरगी बारावीले आहे, अन् मी इथं नळाखाली बोट धरून इचार करून राहिलो, घेतला का नाही घेतला?

घरी फुलचूरले बायकोले फोन लावला, जमुनाले. ती म्हणे, घेतला ना, त्या दिवशी हात दुखते म्हणून तुम्ही सिलिंडर नाही उचललं. आता सिलिंडर पाहिलं की माझा हात दरवेळीच दुखते, ते काय धराचं? लॅबमधली रीना म्हणे, सर, लसीच्या शिबिरात तुम्ही सगळ्यायची लाईन लावून राहिले होते, सुई घेताना मी तर नाही पाहिलं. मग रजिस्टर काढलं. पहिलं नाव माझंच, चैतराम, पुढे टिक! अक्षर माझंच. जीव भांड्यात पडला...

अन् मग आठवलं. ते रजिस्टर मी आदल्या दिवशीच भरून ठेवलं होतं! इन्चार्ज ना मी, म्हणून नाव पहिले अन् टिकही पहिले. अन् शिबिरात सगळ्यायले म्हणून राहिलो, तुम्ही घ्या, मी शेवटी घेतो. शेवटी आमच्या इकडल्या गोरेगावचे रक्ताचे नमुने आले, ते तपासाले बसलो... मग? घेतला का नाही घेतला?

रीनानं माझंच रक्त काढलं, मशीनमध्ये लावलं. संरक्षण किती? शून्य! पहिल्या दोन डोसचंही उतरून गेलं होतं. आमच्या धंद्यात माणूस भुलते, रजिस्टर खोटं बोलते, पण रक्त कोणाची भीड धरत नाही हो.

मॅडमनं कालच दोन्ही दंडात टोचलं, एकीकडे तयार संरक्षणाचं इंजेक्शन, एकीकडे लस. म्हणे, वेळेत आले, घाबरू नका, फक्त पुढचे डोस चुकवू नका. ठीक आहे, नाही घाबरत. पण आज सकाळी लॅबच्या दारात जातो, तर मुन्ना झाडू आडवा धरून उभा.

"काका, कार्ड?"

म्हटलं, मुन्ना, अरे बाबू, मी इन्चार्ज आहो ना! त्यानं झाडूनं नुसता बोर्ड दाखवला... तर आता बसलो आहो बाहेर, पेशंटच्या बाकावर, दोन्ही दंड धरून. बोर्ड समोरच आहे. वाचून राहिलो.

अक्षर माझंच आहे.