बेचाळीसचा कोट

गिऱ्हाईक : मास्टर, माणसानं एकदा मनावर घेतलं की शरीर म्हणजे नुसता नोकर. दोन महिन्यांत हे पोट चार इंच आत जाणार. कोट त्या मापाचा शिवा.

टेलर : अडतीस. आता श्वास सोडा, साहेब.

गिऱ्हाईक : सोडलाय.

टेलर : अजून सोडा. हां. बेचाळीस.

बायको : आत्ता अडतीस म्हणालात ना?

टेलर : ते धरलेल्या श्वासाचं माप होतं, वहिनी.

गिऱ्हाईक : तेच लिहा. धाकटीच्या लग्नापर्यंत न धरता तेवढं होईल.

टेलर : साहेब, तीस वर्षं टेप धरतोय. बारीक होणार म्हणून घट्ट शिवून नेणारे पुष्कळ पाहिलेत. परत येतात ते उसवून घ्यायला.

बायको : थोरलीच्या लग्नात यांच्या कोटाचं बटण उडालं होतं. नेमकं फोटो काढताना.

गिऱ्हाईक : बटण नीट लावलेलं नव्हतं.

टेलर : ते मीच लावलं होतं.

गिऱ्हाईक : असो. धाकटीनं बजावलंय, बाबा, माझ्या फोटोत बटण लावून उभं राहायचं. पोटावर हात ठेवून नाही.

बायको : आणि डॉक्टरांनी काय बजावलंय ते राहिलं. साखर काठावर आलीय. दोन महिन्यांत उतरली नाही तर गोळ्या सुरू.

गिऱ्हाईक : काठावर आहे. पडलेली नाही.

टेलर : मग खाणार काय?

गिऱ्हाईक : आधी काकडी, गाजर. मग भाजी. मग जागा उरली तर भात.

बायको : यांच्यात जागा उरली नाही असं आजवर झालेलं नाही, मास्टर.

(दोन महिन्यांनी. तेच दुकान, कोटाची ट्रायल.)

टेलर : जरा ताठ उभे राहा, साहेब.

गिऱ्हाईक : मी ताठच आहे. कोट पोक काढून उभा आहे.

बायको : अहो, यात अजून एक माणूस मावेल.

गिऱ्हाईक : मास्टर, मी अडतीस सांगितलं होतं.

टेलर : खरं सांगतो, साहेब. बेचाळीसचा बेतला.

गिऱ्हाईक : हा बेचाळीसचाही नाही.

टेलर : वर दोन इंच घेतले. माणसानं पथ्य सुरू केलं की तो आधी वाढतो. अनुभव आहे.

गिऱ्हाईक : आणि त्याच्यावर?

टेलर : अजून दोन. वहिनींचा फोन आला होता.

बायको : मी नुसतं सुचवलं.

गिऱ्हाईक : म्हणजे मी इकडे काकडी चावतोय आणि तुम्ही दोघं तिकडे कापड वाढवताय. एका तरी माणसानं विश्वास ठेवायचा होता.

बायको : काकडी चिरून कोण देत होतं?

गिऱ्हाईक : चिरून देणं वेगळं, विश्वास वेगळा.

बायको : वेगळाच. रोज साडेपाचला उठून चिरलीय, विश्वास नसताना.

टेलर : हलू नका. अडतीस. श्वास चालू आहे ना?

गिऱ्हाईक : चालू आहे.

टेलर : आणि साखर?

बायको : उतरली. डॉक्टरांनी पुन्हा तपासायला लावली. त्यांनाही माझ्यासारखंच वाटलं.

टेलर : चुकलो, साहेब. उद्या संध्याकाळपर्यंत आत घेऊन देतो. पण एक विचारू? हल्ली कापायला वाकलो की माझं पोट माझ्याआधी टेबलाला लागतं. तुम्ही केलंत कसं?

गिऱ्हाईक : निश्चय. चहात साखर अर्धी. तहान लागली की पाणी, रंगीत बाटली नाही. ताटात आधी कच्चं, मग बाकीचं. दुपारी चारला मूठभर शेंगदाणे, बस.

टेलर : बाकी जमेल. चारचं सांगा. ऑफिसात समोर गरमागरम तळून येत असेल, तेव्हा निश्चय पुरतो कसा?

बायको : सांगा ना.

गिऱ्हाईक : तळून येत नाही.

टेलर : म्हणजे?

गिऱ्हाईक : कँटीन बंद आहे. छताचं काम चाललंय.

टेलर : कधीपासून?

गिऱ्हाईक : दोन महिने झाले.

टेलर : हं. मग जादाचं कापड कापत नाही, आत दुमडून ठेवतो. लग्न रविवारी ना?

बायको : रविवारी.

टेलर : आणि कँटीन?

गिऱ्हाईक : सोमवारी उघडतंय.